दही गोठवलं की त्याचा दगड का होतो?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"घरात तीन मुलं आहेत. एक ९ वर्षांचा, एक ५ वर्षांची आणि धाकटी १० महिन्यांची. आइस्क्रीम कमी करावं म्हणून घरीच फ्रोझन योगर्ट करायला घेतलं. अर्धा किलो लो-फॅट दही, वाटीभर कच्ची स्ट्रॉबेरी आणि एक चमचा मध मिक्सरमधून फिरवला. साखर मुद्दाम घातली नाही. खोल डब्यात भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी चमचा वाकला, दही हललं नाही. खरवडून खाल्लं तर बर्फाचा चुरा लागला आणि चव आंबट. दुसऱ्यांदा ट्रेमध्ये पसरून, वर फळं लावून त्याचे तुकडे केले. ते हातात येईपर्यंत विरघळले, फळं मात्र खड्यासारखी दाताखाली आली. पॉप्सिकल केली तर साच्यातून नुसती काडीच वर आली. मशीन न घेता आणि साखर फार न घालता हे मऊ कसं होईल? गोठवल्यावर दह्यातले चांगले जिवाणू मरतात का? आणि धाकटीला द्यावं का?"

ताई, नमस्कार.

तुमचा हेतू अगदी योग्य आहे. गणित एकाच जागी चुकलं: पौष्टिक करायचं म्हणून तुम्ही स्निग्धांश काढला, साखर काढली, आणि पाणी मात्र सगळं ठेवलं. काढायला हवं होतं ते पाणी.

साध्या दह्यात शंभरातले ८५ ते ८८ भाग पाणीच असतं. स्ट्रॉबेरीत ते ९१ च्या आसपास जातं. हे मिश्रण थंड होत गेलं की पाण्याचे स्फटिक होऊ लागतात. ते बारीक राहिले तर जिभेला मऊ लागतं. मोठे होऊन एकमेकांत गुंतले की दगड होतो. स्फटिक बारीक राहायला त्यांच्या मध्ये काहीतरी यावं लागतं, आणि ते काम स्निग्धांश, प्रथिनं आणि फळाचा गर करतात. साखरेचं काम वेगळं आहे. ती पाण्यात विरघळलेली असल्यामुळे सगळं पाणी गोठू देत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. तेवढ्या थंडीतही थोडा दाट पाक द्रवरूपच राहतो, आणि त्यामुळेच चमचा आत शिरतो. लो-फॅट दही आणि एक चमचा मध यांत स्निग्धांश नावापुरता, साखरही नावापुरती. मग अर्धा किलो पाण्याला आवरणार कोण?

म्हणून सुरुवात चक्क्यापासून करा. या सगळ्या प्रकारात निम्मं यश दही टांगण्यात आहे, त्यामुळे त्यावर जरा सविस्तर लिहितो.

पूर्ण स्निग्धांशाचं, ताजं, गोडसर दही १ किलो घ्या. चाळणीत स्वच्छ सुती फडकं दुहेरी करून घाला, चाळणी खोल पातेल्यावर ठेवा, दही ओतून फडक्याची टोकं वर दुमडा आणि हे सगळं फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर टांगू नका. बाहेर उबेत दह्याचं आंबणं चालूच राहतं, आणि तुमच्या पहिल्या खेपेचा आंबटपणा आपण पुन्हा ओढवून घेऊ. पाच ते सहा तासांत साधारण अर्धा किलो चक्का उरतो. झाला की नाही हे घड्याळापेक्षा चमच्याने बघा. मधोमध चमच्याने रेघ ओढायची. रेघेच्या कडा उभ्या राहिल्या आणि खाचेत पाणी झिरपलं नाही, तर चक्का तयार. खाच हळूहळू भरून आली तर आणखी तासभर थांबा. रात्रभर ठेवलात तर फार घट्ट होतो. तो गोठल्यावर तोंडात पिठूळ लागतो, तेव्हा दोन-तीन चमचे दूध घालून सैल करून घ्या.

खाली उरलेलं दह्याचं पाणी फेकू नका. दह्यातलं काही कॅल्शियम त्या पाण्याबरोबर जातं. कणीक मळताना किंवा सूपमध्ये ते सहज खपतं.

लो-फॅट दही चक्का करून वापरता येईल का? येईल. पाणी गेल्यावर प्रथिनं जवळपास दुप्पट दाट होतात, त्यामुळे बरंच सुधारतं. तरी पूर्ण स्निग्धांशाच्या दह्याइतकं मऊ होत नाही. लो-फॅटच वापरायचं असेल तर अर्ध्या किलो चक्क्यात २ मोठे चमचे स्किम्ड दूध पावडर फेटून मिसळा. दोनच. जास्त घातली तर दुधातली साखर थंडीत खडे धरते आणि बारीक वाळू चावल्यासारखं लागतं. मुलांसाठी मात्र पूर्ण स्निग्धांशाचंच घ्या असं माझं मत आहे. वाटी लहान ठेवा, पण दही चांगलं वापरा.

आता फळ. कच्ची स्ट्रॉबेरी वाटून घालणं म्हणजे चक्क्यातून काढलेलं पाणी मागच्या दाराने परत आणणं. ४०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचे तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा, ठरलेल्या मधातला (प्रमाण पुढे दिलं आहे) निम्मा त्यावर घाला आणि १० ते १२ मिनिटं शिजवा. आधी भरपूर रस सुटतो, मग तो आटतो. पातेल्याच्या तळावरून उलथनं ओढलं की वाट क्षणभर मोकळी दिसली पाहिजे. २५० ग्रॅमच्या आसपास दाट गर उरतो. तो पूर्ण गार करा आणि मगच चक्क्यात घाला. गरम गर घातला तर दही फाटतं, आणि ज्या जिवाणूंची तुम्हाला काळजी आहे ते खरोखर उष्णतेनेच मरतात. आंबा आणि केळ यांचा गर मुळातच दाट असतो, त्यांना आटवायची गरज नाही. पिकलेलं केळ तर फार कामाचं: गोडी देतं आणि पाणी धरूनही ठेवतं. अननस, किवी आणि पपई यांच्याबाबत सावध राहा. ही फळं न शिजवलेली असली की त्यांच्यात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. दही त्याने पातळ होतं आणि काही तासांत कडवट लागू लागतं. ही फळं घालायचीच असतील तर पाच-सात मिनिटं उकळून, गार करून घाला.

साखरेबद्दल तुमचा आग्रह समजतो आणि पटतोही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत, असं म्हटलं आहे. मोठ्या माणसाच्या २००० कॅलरींना ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. मुलांचा आहार कमी, म्हणून त्यांचा वाटाही कमी. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: या हिशेबात मधसुद्धा साखरच धरला जातो. "साखर नाही, फक्त मध" याने आरोग्याच्या बाजूने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मऊपणात. मधातली साखर बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते. त्यांचे रेणू साध्या साखरेच्या रेणूंपेक्षा लहान, म्हणून तेवढ्याच वजनात संख्येने जास्त, आणि ते पाण्याला जास्त अडवतात. त्यामुळे मध कमी घालूनही मिश्रण साखरेपेक्षा मऊ राहतं. अर्धा किलो चक्का आणि २५० ग्रॅम गर यांना ६० ग्रॅम मध पुरतो, म्हणजे सपाट भरलेले तीन मोठे चमचे. सगळं मिळून सुमारे ८०० ग्रॅम होतं. त्याच्या १० छोट्या वाट्या केल्या तर वाटीमागे ६ ग्रॅम मध. हे प्रमाण मला रास्त वाटतं, आणि याखाली जायचं असेल तर कडकपणा वाढणार हे धरून चाला. स्टीव्हियासारख्या नुसती गोडी देणाऱ्या गोळ्या किंवा थेंब इथे उपयोगाचे नाहीत. त्यांचं प्रमाण इतकं थोडं असतं की पाण्याला काही फरक पडत नाही. गोड दगड होतो, एवढंच.

गोठवण्यापूर्वी चव घ्याल तेव्हा ती नेहमीपेक्षा किंचित जास्त गोड लागली पाहिजे. थंडीने जिभेला गोडी कमी कळते, आंबटपणा मात्र पुढे येतो. तुमचं पहिलं दही आंबट लागलं त्याला दही जुनं असणं हे एक कारण असेल, आणि हे दुसरं. चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा व्हॅनिला अर्क घातला तर मध न वाढवता चव गोल होते.

मिश्रण हाताने, रवीने किंवा व्हिस्कने एकजीव करा, मिक्सरमध्ये फिरवू नका. जोरात फिरवल्याने दही सैल पडतं, आणि पूर्ण स्निग्धांशाचं थंड दही जास्त वेळ फिरलं तर लोणी सुटायला लागतं. फळाचा गर वेगळा वाटून घ्या आणि मग हाताने मिसळा.

मशीन काय करतं? गोठताना सतत ढवळतं, म्हणजे स्फटिक मोठे व्हायच्या आत फुटतात. हे घरी दोन रीतींनी साधतं.

पहिली रीत ढवळण्याची. मिश्रण आधी फ्रिजमध्ये दोन तास गार करा. मग पसरट धातूच्या डब्यात तीन-साडेतीन सेंटीमीटरपेक्षा जाड होणार नाही असं ओता. तुमचा खोल डबा इथेच नडला. जाड थर सावकाश गोठतो, आणि जितकं सावकाश गोठेल तितके स्फटिक मोठे. डबा फ्रीझरच्या तळाला टेकवून, मागच्या बाजूला ठेवा. पाऊण तासाने उघडलात की कडेला दोन बोटं रुंदीची पांढुरकी, कडक किनार दिसेल आणि मधला भाग अजून हलत असेल. ती किनार काट्याने खरवडून मध्ये आणा, गुठळ्या मोडून जोरात घोटा आणि परत ठेवा. यानंतर दर अर्ध्या तासाने हेच, चार ते पाच वेळा. शेवटी ते दाट लगद्यासारखं, काटा फिरवला की वळ्या राहतील असं होतं. या क्षणी खाल्लं तर सगळ्यात छान लागतं. एखादी खेप चुकली तर बिघडत नाही, पहिल्या दोन मात्र चुकवू नका, कारण स्फटिकांचा आकार तेव्हाच ठरतो.

दुसरी रीत ज्यांना दर अर्ध्या तासाने उठणं शक्य नाही त्यांच्यासाठी, आणि तीन मुलांच्या घरात बहुधा हीच चालेल. मिश्रणातले चार मोठे चमचे फ्रिजमध्ये बाजूला ठेवा. बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये भरून चार-पाच तास पूर्ण गोठवा. खायच्या वेळी चौकोन बाहेर काढून ७-८ मिनिटं ठेवा. वरचा चकचकीतपणा येऊन बोटाने दाबल्यावर किंचित खळ पडली की फूड प्रोसेसरमध्ये किंवा दणकट मिक्सरमध्ये घाला, बाजूला ठेवलेलं मिश्रण वर ओता आणि थांबून थांबून फिरवा. आधी चुरा होतो. तो पाहून लोक घाबरून दूध ओततात, ते करू नका. बाजू खरवडून पुन्हा दोन-तीनदा फिरवलं की चुरा अचानक एकत्र येऊन गुळगुळीत होतो. तिथेच थांबा. भांडं गरम व्हायला लागलं तर एका वेळी सात-आठच चौकोन घ्या. इथे मिक्सर चालतो, कारण मिश्रण गोठलेलं असतं आणि काम थोडक्यात उरकतं.

दोन्ही रीतींत तयार झालेलं फ्रोझन योगर्ट रात्रभर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी कडक होणारच. दुकानातल्या मऊ फ्रोझन योगर्टमध्ये साखर जास्त असते, मशीनने हवा भरलेली असते आणि ते विकतातही फ्रीझरपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला. तेव्हा घरचं खायच्या आधी डबा १५ ते २० मिनिटं फ्रिजच्या कप्प्यात आणून ठेवा. ओट्यावर ठेवाल तर कडा पाणी होतात आणि मधला भाग तसाच राहतो.

पॉप्सिकलला चमचा शिरण्याची अट नाही, म्हणून कमी गोडीत सगळ्यात चांगलं तेच जमतं. पाच वर्षांच्या मुलीसाठी मी हाच प्रकार आधी करून बघा म्हणेन. ३०० ग्रॅम चक्का, दीडशे ग्रॅम गर, दीड मोठा चमचा मध. यात ७५ मिलीच्या सहा होतात. इथे तीन तास टांगलेला जरा सैल चक्काही चालतो. साचा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगतं. वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा. भरल्यावर साचा ओट्यावर दोन-तीनदा आपटा, नाहीतर काडीच्या भोवती हवेचे बुडबुडे राहतात आणि तिथूनच पॉप्सिकल तुटते. नुसत्या लाकडी काड्या असतील तर तासाभराने, मिश्रण अर्धवट धरल्यावर खोचा, म्हणजे सरळ उभ्या राहतात. त्यानंतर किमान सहा तास हलवू नका. तुमची काडी निघून आली ती दोनपैकी एका कारणाने: आतला भाग अजून मऊ होता, किंवा साचा कोरडाच ओढला. साचा कोमट पाण्यात १०-१५ सेकंद धरायचा, मग काडी ओढण्याआधी किंचित फिरवायची. सुटल्याचं हाताला कळतं. गरम पाणी वापरलं तर बाहेरचा थर वितळून चेहराच जातो.

ट्रेमधल्या तुकड्यांचं दुखणं सोपं आहे: थर पातळ होता आणि दह्यात पाणी होतं. ४०० ग्रॅम चक्का आणि दोन मोठे चमचे मध बटर पेपरवर साधारण २५ बाय २० सेंटीमीटरमध्ये पसरा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडी मिळते. फळं धुऊन पूर्ण कोरडी पुसा आणि पातळ कापा. अख्खी द्राक्षं किंवा बेरी गोठल्या की खडे होतात, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या घशात अडकण्याची भीतीही असते. चार तासांनी तुकडे मोडा आणि लगेच डब्यात घालून परत फ्रीझरमध्ये. हे तुकडे कसेही केले तरी बाहेर पाच-सात मिनिटंच टिकतात, डब्यात न्यायला ते कामाचे नाहीत.

जिवाणूंबद्दल: गोठल्याने ते बहुतेक सुप्त होतात. काही मरतात, बरेच टिकतात आणि पोटात गेल्यावर पुन्हा जागे होऊ शकतात. फक्त मूळ दही जिवंत विरजणाचं असावं, नंतर उष्णता दिलेलं नसावं. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. थंडीने जसे चांगले जिवाणू सगळे मरत नाहीत तसे वाईटही सगळे मरत नाहीत. फडकं, साचे, काड्या उकळत्या पाण्यातून काढून घ्या, आणि बिघडल्याची शंका असलेलं दही "गोठवलं की चालेल" म्हणून वापरू नका.

धाकटीला यातलं काहीही देऊ नका, कारण यात मध आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नसतो. त्यात क्वचित बोटुलिझम नावाच्या गंभीर आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही, आणि गोठवून किंवा घरच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाहीत. कडक गोठलेला तुकडाही या वयात घशात अडकू शकतो. तिच्यासाठी मध घालण्यापूर्वीच दोन चमचे चक्का बाजूला काढा, त्यात पिकलेलं केळ कुस्करा आणि न गोठवता तसंच भरवा. दूध-दही तिला आधीपासून सोसत असेल तरच. मोठ्या दोघांच्या वाटीत सुकामेवा घालणार असाल तर पाच वर्षांच्या मुलीसाठी तो भरड न ठेवता पूड करून घाला.

साठवताना डबा उथळ घ्या, पृष्ठभागावर बटर पेपर चिकटवून मग झाकण लावा, म्हणजे वर बर्फाचे काटे धरत नाहीत. फ्रीझरच्या दारात ठेवू नका. दार उघडलं की तिथे सगळ्यात आधी ऊब लागते, आणि थोडं वितळून पुन्हा गोठलेल्या दह्यातले स्फटिक प्रत्येक वेळी मोठे होत जातात. दोन आठवड्यांत संपवलं तर चव चांगली राहते. वाटीत अर्धवट वितळून उरलेलं परत डब्यात टाकू नका. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी दुधात घुसळून मुलांना प्यायला द्या.